आधी पाण्याची धार बघा, मग गॅस भरा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुंबई बंदरात आणि रायगडच्या किनाऱ्यावर वातानुकूलित बोटी आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी माणसे आणि मोटारी एकत्र नेणारी रो-रो सेवा सुरू झाली, एप्रिल २०२३ मध्ये कोचीच्या वॉटर मेट्रोच्या वातानुकूलित बोटी धावू लागल्या, आणि तशाच बोटी आपल्या खाड्यांतूनही धावाव्यात अशी चर्चा वृत्तपत्रांतून वरचेवर वाचायला मिळते. या चर्चेत तिकिटाचा दर, प्रवासाचा वेळ, आसनांची संख्या यांवर भरपूर बोलले जाते. एसीचा उल्लेख मात्र एका शब्दात उरकला जातो, जणू घरातला एसी उचलून बोटीत ठेवला की काम झाले. बोटींवरची शीतयंत्रे आणि एसी बसवण्यात व दुरुस्त करण्यात माझी अडतीस वर्षे गेली. बोटीवरच्या एसीचे सगळे बरेवाईट समुद्राचे पाणी आणणाऱ्या एका नळीवर ठरते आणि नेमक्या त्याच नळीकडे कोणी पाहत नाही, हे मी इतक्या वेळा अनुभवले आहे की ते सविस्तर लिहिणे मला कर्तव्य वाटते.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. एप्रिल महिन्यात एका खासगी बोटीवरून मला निरोप आला, की केबिनचा दीड टनी एसी दहा मिनिटे चालतो आणि बंद पडतो. मी पोहोचण्याआधी दोन महिन्यांत त्यात तीनदा गॅस भरला गेला होता आणि एकदा अख्खा कॉम्प्रेसर बदलला होता. मी एसी चालू करायला सांगितला आणि केबिनमध्ये न शिरता कठड्यावरून खाली वाकलो. एसीचे पाणी बोटीच्या कुशीतून जिथे बाहेर पडते, तिथे अंगठ्याएवढी जाड धार लांब उडायला हवी होती. प्रत्यक्षात करंगळीएवढे पाणी तुटत तुटत बोटीच्या अंगावरून ओघळत होते. आम्ही बुडाचा सीकॉक (समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या भोकावरची तोटी) बंद केला आणि स्ट्रेनरचे, म्हणजे पाण्यातला कचरा अडवणाऱ्या गाळणीचे, झाकण काढले. जाळीच्या पेल्यात काळा गाळ भरला होता. त्यात वेफर्सच्या पुडीचा चंदेरी तुकडा, गुटख्याची दोन पाकिटे, देवळात बांधतात तसल्या लाल-पिवळ्या धाग्याची गुंडाळी आणि नखाएवढा एक जिवंत खेकडा होता. पेला धुऊन बसवल्यावर धार सुधारली, तरी पुरती भरली नाही. ओहोटीला बोट टेकवल्यावर बुडाच्या भोकात हात घातला, तेव्हा आत दुमडून बसलेली पातळ प्लास्टिकची पिशवी निघाली आणि तिच्यामागे भोकाच्या कडेने कठीण कवचाच्या किड्यांचे कडे दिसले. एवढ्या कारणासाठी त्या मालकाने नवा कॉम्प्रेसर घेतला होता. यंत्रात अकारण भरलेला जादा गॅस काढून घेणे हे मग माझे शेवटचे काम ठरले. आधीच्या कारागिराला मी वाईट म्हणणार नाही. तो जमिनीवरच्या एसीचा चांगला जाणकार असेल, परंतु बोटीवर सर्वांत आधी काय पाहायचे हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते.

हे यंत्र चालते कसे, हे आता सांगायला हवे, कारण याबाबत एक गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. समुद्राचे पाणी थंड असते, ते नळ्यांतून फिरवतात आणि त्यामुळे केबिन गार होते, असे पुष्कळांना वाटते. जगात काही ठिकाणी खरोखरच तसे केले जाते. फ्रेंच पॉलिनेशियातल्या बोरा बोरा बेटावरील एका हॉटेलात २००६ पासून सुमारे नऊशे मीटर खोलवरचे, पाच अंशांच्या आसपासचे पाणी वर आणून इमारत गार ठेवली जाते. आपल्या बंदरातले वरचे पाणी मात्र हिवाळ्यातही चोवीस-पंचवीस अंशांचे असते आणि मे महिन्यात तीसच्या घरात जाते. तीस अंशांच्या पाण्याने चोवीस अंशांची केबिन थंड होणे शक्य नाही. एसी मुळात थंडी तयार करतच नाही. केबिनमधली उष्णता उचलून तो दुसरीकडे नेऊन टाकतो आणि बोटीवर ती टाकण्याची जागा म्हणजे समुद्र.

केबिनमधली गरम, दमट हवा ब्लोअरने ओढून थंड कॉइलवरून नेली जाते. कॉइलमध्ये कमी दाबाखाली उकळणारा गॅस त्या हवेतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर हा गॅस दाबतो, त्यासरशी तो पाण्यापेक्षा बराच अधिक तापतो, आणि मग तो कंडेन्सरमध्ये जातो. बोटीवरचा कंडेन्सर म्हणजे बहुधा नळीत नळी घालून केलेले वेटोळे. आतल्या नळीतून समुद्राचे पाणी वाहते, बाहेरच्या पोकळीतून तापलेला गॅस फिरतो, आणि तांबे-निकेलच्या मधल्या भिंतीतून उष्णता पाण्यात उतरते. गॅसचा द्रव होतो, बारीक मार्गातून सुटताना त्याचा दाब उतरतो, तो थंड होतो आणि पुन्हा केबिनच्या कॉइलकडे जातो. खारे पाणी एका बाजूने आत येते, थोडे कोमट होऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. केबिनच्या हवेशी त्याचा कुठेही संबंध येत नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्रातही कंडेन्सर याच समुद्राच्या पाण्याने गार केले जातात. तत्त्व एकच आहे, फरक आकारमानाचा.

समुद्राचे पाणीच का, याचेही उत्तर साधे आहे. तापमानात सारखीच वाढ धरली तर पाणी तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. म्हणूनच घरच्या एसीच्या बाहेरच्या डब्याला मोठा पंखा आणि पत्र्यांची भली थोरली जाळी लागते, तर तेच काम बोटीवर कुशीत मावणारे एक वेटोळे करते. तीस अंशांचे पाणी भरपूर मिळाले तर कंडेन्सरमधला गॅस चाळीस अंशांच्या आसपास द्रव होतो. तोच डबा बोटीच्या छतावर तापलेल्या पत्र्याशेजारी ठेवला तर ते तापमान पन्नासपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जाते. एसीत वापरला जाणारा आर-४१०ए हा गॅस चाळीस अंशांना सुमारे चोवीस बार दाबावर असतो, तर पन्नासला तो तीस बारवर जातो. हा वाढीव दाब कॉम्प्रेसरला रेटावा लागतो, म्हणजे जनरेटरला ओढावा लागतो, म्हणजे अखेरीस डिझेलमधून भरावा लागतो. ढोबळ हिशेबाने दर अंशामागे दोन ते तीन टक्के वीज जास्त जाते.

आपल्याकडच्या कित्येक लाँचींच्या छतावर घरगुती स्प्लिट एसीचे डबे बसवलेले दिसतात. तो मार्ग सरसकट चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. अर्ध्या तासाच्या फेऱ्या, लहान केबिन आणि गाळाने भरलेले उथळ पाणी असेल, तर छतावरचा एसी हा प्रामाणिक पर्याय ठरू शकतो, शिवाय त्याला बुडाला भोक पाडावे लागत नाही. पण खाऱ्या तुषारांनी त्याच्या ॲल्युमिनियमच्या पात्या दोन-तीन हंगामांत पांढरी भुकटी होऊन झडतात, आणि उंचावर वाढवलेले प्रत्येक किलो बोटीच्या समतोलावर परिणाम करते. स्थैर्याची गणिते नव्याने तपासून घेतल्याशिवाय छतावर ओळीने डबे चढवणे मला कधीच पटले नाही.

पाणी किती लागते, हा मुद्दा मी थोडा रेंगाळून मांडणार आहे, कारण तो कळला की बोटीवरच्या कोणत्याही खलाशाला निम्मे निदान स्वतः करता येते. एक टन एसी म्हणजे तासाला बारा हजार बीटीयू, म्हणजेच साडेतीन किलोवॅट उष्णता केबिनमधून उपसणे. त्यात कॉम्प्रेसरने खाल्लेली सुमारे एक किलोवॅट वीजही उष्णता होऊनच बाहेर पडते. अशा रीतीने साडेचार किलोवॅटच्या आसपास उष्णता पाण्याला न्यायची असते. त्यासाठी टनामागे मिनिटाला अकरा ते पंधरा लिटर पाणी धरतात आणि तेवढ्या प्रवाहात ते पाच-सहा अंशांनी तापून बाहेर पडते. आता पंधरा लिटरची बादली घ्या आणि एक टनाच्या एसीच्या धारेखाली धरा. ती एक ते दीड मिनिटात भरली पाहिजे. दोन-अडीच मिनिटे लागत असतील तर गॅसच्या बाटलीला हात लावू नका, पाण्याच्या वाटेत काहीतरी अडले आहे. धारेखाली हात धरा. पाणी कोमट लागावे, चटका बसण्याइतके गरम लागता कामा नये. आणि धार पुरेशी भरली असूनही यंत्र उच्च दाबावर ट्रिप होत असेल, म्हणजे गॅसचा दाब फार वाढून आपोआप बंद पडत असेल, तर वेटोळ्याच्या आत थर साचला असण्याचा संशय घ्यावा. या तिन्ही गोष्टी पाहायला पाच मिनिटे आणि एक बादली लागते. गॅस खरोखर कमी असेल तर यंत्र सहसा उच्च दाबावर ट्रिप होत नाही. तेव्हा उच्च दाबाची खूण दिसत असताना गॅस भरणे म्हणजे ताप चढलेल्या माणसावर आणखी घोंगडी टाकण्यासारखे आहे.

आता त्या नळीविषयी. बोटीच्या बुडाला, पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच खाली एक भोक असते आणि त्यावर पुढच्या दिशेला तोंड असलेली टोपी बसवतात, म्हणजे बोट चालू असतानाही पाणी आत रेटले जाते. टोपी उलटी बसली तर वेगात पाणी आत येण्याऐवजी बाहेर ओढले जाते, आणि धक्क्याला छान चालणारा एसी समुद्रात गेल्यावर का बंद पडतो हे कोडे महिनोन्महिने सुटत नाही. भोकाला लागूनच सीकॉक, त्यापुढे स्ट्रेनर, मग पंप, मग कंडेन्सर आणि तिथून बाहेर, असा पाण्याचा क्रम असतो. लहान बोटींवरचा पंप केंद्रोत्सारी जातीचा असतो. तो पाणी ढकलतो, पण कोरडा असताना खालून ओढून घेऊ शकत नाही. म्हणून तो पाण्याच्या पातळीखालीच हवा, आणि पंपापासून कंडेन्सरपर्यंतचा होज (लवचीक नळी) सतत चढता हवा. होज एखाद्या खांबावरून वर नेऊन पुन्हा खाली आणला, तर त्या उंचवट्यात हवा अडकते. पंप घुमत राहतो, आवाजही बरोबर येतो, आणि पाणी मात्र एक थेंब पुढे जात नाही. नव्या बोटीवर सुताराने फर्निचर बसवताना होज असा बाजूला वळवून बांधलेला मी अनेकदा पाहिला आहे. इंजिनाच्या पाण्याचे भोक आणि एसीचे भोक वेगळे असावे, कारण एकाच भोकातून दोघांनी पाणी ओढले तर इंजिन वेगात असताना एसी उपाशी राहतो. बाहेर पडण्याचे तोंड पाण्याच्या वर वीतभर उंचीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे हवे. काही दिखाऊ बोटींवर ते सौंदर्यासाठी पाण्याखाली दडवतात, आणि मग धार बघायची सोयच उरत नाही.

पाण्याखालचे हे भोक केवळ एसीचा नव्हे, तर बोटीच्या जिवाचा प्रश्न आहे. एक इंची नळी पाण्याखाली अर्ध्या मीटरवर सुटली, तर मिनिटाला पन्नास-साठ लिटर पाणी आत येते, म्हणजे तासाला वजनाने तीन टनांहून जास्त. रात्री बोट नांगरून सगळे घरी गेले असतील आणि बॅटरी उतरल्याने पाणी उपसणारा पंप थांबला असेल, तर सकाळी बोट तळाशी असते. म्हणून पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक होजला दोन्ही टोकांना दोन-दोन स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प असावेत, होज तारेचा किंवा मजबूत रबरी असावा आणि बोट सोडून जाताना सीकॉक बंद करावा. जो सीकॉक वर्षभर फिरवलेला नाही तो ऐन वेळी फिरत नाही. मी कितीतरी सीकॉक असे पाहिले आहेत की ज्यांचा दांडा जोर लावताच हातात आला. महिन्यातून एकदा बंद-चालू केला आणि वर्षातून एकदा वंगण दिले, तर तो वीस वर्षे साथ देतो.

समुद्राचे पाणी हे काही नळाचे पाणी नाही. त्यात मीठ आहे, चुना आहे, वाळू आहे, आणि असंख्य सूक्ष्म जीव आहेत, जे कुठल्याही टणक पृष्ठभागावर घर करायला टपलेले असतात. बोट आठवडाभर उभी राहिली की नळीत शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो, त्यावर कवचाचे किडे बसतात, आणि कंडेन्सरच्या तापलेल्या भिंतीवर चुन्याचा पांढरा लेप चढतो. कागदाच्या जाडीचा लेपही उष्णता अडवायला पुरतो. नव्वद टक्के तांबे आणि दहा टक्के निकेल हा मिश्रधातू समुद्रात चांगला टिकतो, कारण त्यावर एक संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि त्यातल्या तांब्यामुळे जीवही सहज चिकटत नाहीत. पण ज्या पाण्यात सांडपाण्यामुळे प्राणवायू संपून सल्फाइड तयार झाले आहे, त्या पाण्यात हाच पापुद्रा नीट धरत नाही आणि नळीला आतून खड्डे पडतात. नाल्यांच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बोटींची वेटोळी लवकर का जातात, याचे उत्तर त्या काळ्या, कुजक्या वासाच्या पाण्यातच आहे. गरजेपेक्षा मोठा पंप लावून प्रवाहाचा वेग वाढवला तरी पापुद्रा घासून जातो, म्हणून धार कमी पडली की पंप बदलण्याचा सोपा वाटणारा उपाय बहुधा नुकसानीचाच ठरतो.

लेप काढायचा तर सीकॉक बंद करून, बादलीत सौम्य आम्लाचे पाणी घेऊन, ते छोट्या पंपाने वेटोळ्यातून तास-दोन तास फिरवावे आणि नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवावे. वापरलेले आम्ल तसेच समुद्रात ओतू नये. आम्ल तीव्र घेऊन काम लवकर उरकण्याचा मोह टाळावा, कारण लेपाबरोबर धातूही जातो. पावसाळ्यात बोटी बंद राहतात तेव्हा खरे नुकसान होते. मे अखेरीस शेवटची फेरी झाली की जो तो यंत्राचे बटण बंद करून निघून जातो आणि वेटोळ्यात तीन महिने खारे पाणी कुजत राहते. बोट बंद करण्याआधी अर्धा तास गोडे पाणी फिरवून वेटोळे रिकामे केले, तर सप्टेंबरात कारागिराला बोलवावे लागणार नाही.

प्लास्टिकबद्दल मला रोष आहे आणि तो मी लपवणार नाही. स्ट्रेनर गाळासाठी, शेवाळासाठी, जेलीफिशसाठी असतो. जेलीफिशचे थवे तर मोठाल्या वीज केंद्रांनाही आवरत नाहीत. सप्टेंबर २०१३ मध्ये स्वीडनमधल्या ओस्कार्शाम्न अणुवीज केंद्राची एक अणुभट्टी त्यांनी पाण्याची वाट अडवल्यामुळे बंद करावी लागली होती. पण निसर्गाने पाठवलेला कचरा जाळीत अडकतो आणि कुजतो. पातळ पिशवी भोकावर बाहेरूनच चिकटते, पंप थांबला की सुटून तरंगते आणि पंप सुरू झाला की पुन्हा चिकटते, आणि त्यामुळे दोष सापडता सापडत नाही. ज्या प्रवाशाला केबिनमधल्या गारव्याची सर्वांत जास्त ओढ असते, त्याच्याच हातून पाण्याची बाटली आणि वेफर्सची पुडी खिडकीतून बाहेर पडते, आणि ती कधी ना कधी कुठल्या तरी बोटीच्या गारव्याच्या आड येते. बोटीवर झाकणाची कचरापेटी ठेवणे आणि ती धक्क्यावर रिकामी करणे एवढे तांडेलाने कटाक्षाने पाळले तरी पुष्कळ फरक पडेल.

गाळाच्या आणि कचऱ्याच्या पाण्यात चालणाऱ्या बोटींसाठी आणखी एक मार्ग आहे, आणि नव्या बोटी घेणाऱ्यांनी त्याचा गंभीरपणे विचार करावा. यात समुद्राचे पाणी आत घेतलेच जात नाही. बोटीच्या बुडाला बाहेरून नळ्या किंवा पोकळ पट्ट्या बसवतात, त्यांतून आणि कंडेन्सरमधून गोड्या पाण्याचे बंदिस्त चक्र फिरते, आणि त्या पाण्याची उष्णता बुडाच्या बाहेरून वाहणाऱ्या समुद्राला जाते. आत स्ट्रेनर नाही, गाळ नाही, कंडेन्सरमध्ये खारेपणा नाही. अर्थात बाहेरच्या नळ्यांवर शिंपले बसतात, बोट टेकवताना त्या चेपू शकतात आणि सुरुवातीचा खर्चही जास्त येतो. ठाणे किंवा वसईच्या खाडीसारख्या गढूळ, उथळ पाण्यात मात्र रोज स्ट्रेनर उघडण्यापेक्षा हा खर्च मला शहाणपणाचा वाटतो. मोठ्या जहाजांवर तर बहुतेक ठिकाणी मधल्या गोड्या पाण्याचीच व्यवस्था असते, आणि केबिनपर्यंत गॅसऐवजी सहा-सात अंशांचे थंड पाणी नेले जाते.

एसी किती टनांचा घ्यावा याबद्दल थोडक्यात सांगतो. बोटबांधणीच्या धंद्यात डेकखालच्या केबिनला चौरस फुटामागे साठ बीटीयू, मधल्या मजल्याला नव्वद आणि वरच्या काचेच्या केबिनला एकशे वीस असा आडाखा आहे. आपल्या उन्हात मी तो वरच्याच अंगाने धरत आलो. प्रवासी बोटीत माणसांची उष्णता वेगळी मोजावी. बसलेला माणूस सुमारे शंभर ते एकशे वीस वॅट उष्णता सोडतो, म्हणजे पन्नास प्रवाशांसाठीच दीड टन हवा. पण भीतीपोटी दुप्पट टनांचा एसी लावला तर तो चार मिनिटांत थंड होऊन थांबतो, हवेतली आर्द्रता काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि गाद्यांना बुरशी येते.

एका गोष्टीबाबत मात्र थोडक्यात लिहून भागणार नाही. एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही. केबिनमधलीच हवा तो पुन्हा पुन्हा फिरवतो. रात्री बोट नांगरलेली असते, दारे-खिडक्या लावलेल्या असतात, एसीसाठी जनरेटर चालू असतो, आणि त्या जनरेटरचा धूर पाण्यालगत बाहेर पडून वाऱ्याने पुन्हा बोटीकडे वळतो. शेजारी दुसरी बोट बांधलेली असेल तर तिचाही धूर येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही आणि रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. त्याच्या वाटा कधी अनपेक्षित असतात. दमट दिवसांत एक टनी एसीच्या कॉइलवरून तासाला लिटर-दीड लिटर पाणी गळते. ते वाहून नेणारी बारीक नळी इंजिनाच्या कप्प्यात किंवा बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, सोडणे सोयीचे वाटते, पण तीच नळी कोरडी असताना त्या कप्प्यातली वाफ आणि धूर सरळ केबिनच्या ब्लोअरपर्यंत आणते. तिला पाण्याचा सापळा, म्हणजे पाणी साचून हवेची वाट बंद ठेवणारे वळण, हवा, आणि ती वेगळ्या बंद टाकीत किंवा धुराच्या तोंडापासून दूर बाहेर सोडायला हवी. ज्या बोटीत माणसे रात्री झोपतात, तिथे झोपण्याच्या प्रत्येक केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र असलेच पाहिजे. त्याची किंमत एकदा गॅस भरण्याच्या खर्चापेक्षा फार जास्त नसते.

महाराष्ट्र सागरी मंडळाला आणि बोटींची तपासणी करणाऱ्या सर्व यंत्रणांना माझी नम्र विनंती आहे, की वातानुकूलित बोटीच्या वार्षिक तपासणीच्या कागदात एसीच्या पाण्याच्या वाटेसाठी स्वतंत्र जागा असावी. सीकॉक हाताने फिरवून पाहिला का, पाण्याखालच्या होजला दुहेरी क्लॅम्प आहेत का, बाहेरची धार दिसते का, पाण्याची गळती-नळी कुठे सोडली आहे, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. देशांतर्गत जलवाहतुकीसाठी २०२१ मध्ये नवा कायदा झाला आहे आणि नव्या बोटींच्या निविदा त्याच्या चौकटीत निघतील. त्या निविदांत केवळ किती टनांचा एसी असे न लिहिता, पाणी कुठून घेणार, गाळाला काय करणार आणि स्ट्रेनर उघडायला खलाशाचा हात पोहोचेल का, हेही विचारावे. अलिबाग, रत्नागिरी, मालवण अशा किनाऱ्यावरच्या आयटीआयमध्ये एसी दुरुस्तीचा अभ्यास करणाऱ्या मुलांना एक आठवडा जरी बोटीवर नेऊन खाऱ्या पाण्याची बाजू दाखवली, तरी त्यांना घरच्या गावी काम मिळेल, आणि तीनदा गॅस भरण्याचे प्रसंग थांबतील. असा आठवडा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेत मी विनामूल्य येऊन शिकवायला तयार आहे.

हे पत्र आत्ताच लिहिण्याचे कारण असे, की पावसाळ्यानंतर छोट्या बोटी पुन्हा पाण्यात उतरतात तो काळ आणि गणेशोत्सवाचे दिवस बहुधा एकत्र येतात. विसर्जनानंतर आठ-दहा दिवस बंदराच्या पाण्यात झेंडूच्या पाकळ्या, दुर्वा, सुतळी, धागे आणि थर्माकोलचे तुकडे तरंगत असतात, आणि एरवी आठवड्यातून एकदा उघडायचा स्ट्रेनर तेव्हा दर फेरीनंतर उघडावा लागतो. बोटमालकांनी त्या दिवसांसाठी स्ट्रेनरचा एक जादा पेला आणि झाकणाची एक जादा रबरी रिंग आजच आणून ठेवावी, म्हणजे धक्क्यावर प्रवासी चढत असताना पेला बदलायला दोन मिनिटे पुरतील.

आपला विश्वासू,

एक निवृत्त सागरी वातानुकूलन तंत्रज्ञ,
माझगाव, मुंबई